डावा कोपरा, मग स्टोअर

ज्या कंपनीने मला कबड्डीसाठी नोकरीत घेतलं, त्या कंपनीचं काम मी शिकलो ते वयाच्या सदतिसाव्या वर्षी. तोवर हजेरीपटावर नाव होतं, पगार महिन्याच्या महिन्याला येत होता, दिवाळीला मिठाईचा बॉक्सही मिळत होता. पण खात्यातल्या लोकांनी मला पाहिलं असेल ते जास्त करून नोटीस बोर्डावरच्या फोटोत. यात लबाडी कुणाचीच नव्हती. कंपनीला संघ हवा होता, मला नोकरी हवी होती. १९९६ साली पनवेल तालुक्यातल्या कुठल्याही कबड्डीपटूला विचारलं असतं की तुझं स्वप्न काय, तर त्याने भारताची जर्सी नंतर सांगितली असती. आधी म्हणाला असता, "परमनंट."

आमच्या पट्ट्यात, म्हणजे पनवेल, उरण, पेण, अलिबाग या भागात, कबड्डी शिकवावी लागत नाही. भातकापणी झाली की शेतं मोकळी होतात, आणि दिवाळीनंतर गावोगावच्या स्पर्धा सुरू होतात त्या मेपर्यंत. माघी गणपती, गावदेवीची जत्रा, शिमगा, कुणाचा तरी वाढदिवस, काहीही निमित्त पुरतं. शेतातली ढेकळं फोडायची, माती चाळायची, पाणी मारून दाबायची, पट्ट्या ठोकायच्या, दोन्ही बाजूंना बांबूचं कुंपण घालायचं. तेरा मीटर बाय दहा मीटर जागा. तिच्यासाठी गावातली माणसं महिनाभर राबतात आणि त्याचे पैसे कुणी मागत नाही. स्पीकरवर समालोचन करणारा माणूस गावचाच असतो. त्याला प्रत्येक खेळाडूचं आजोळ माहीत असतं आणि ते तो चढाई चालू असताना सांगतो.

मला खेळाडू केलं ते नानांनी. माझे सख्खे कुणी नव्हते, गावाचे नाना. स्वतः हुतूतू खेळलेले, पुढे मिठागरात कामाला. मी अंगाने आडवा, धावायला जड, त्यामुळे चढाईला निरुपयोगी. त्यांनी मला डाव्या कोपऱ्यात उभं केलं आणि पहिल्याच दिवशी ओरडले, "पोरा, त्याच्या तोंडाकडं काय बघतंस? पाय बघ, पाय!"

कोपऱ्याचं काम बाहेरून पाहणाऱ्याला नीट कळत नाही, म्हणून थोडं विस्ताराने सांगतो. चढाई करणारा आत आला की सातही जण अर्धगोल धरून मागे सरकतात. दोन टोकांना दोन कोपरे. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्या पलीकडे एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात खेळाडू असतील तर चढाईपटूला बोनस घेता येतो. त्यासाठी त्याला एक पाय बोनस रेषेच्या पलीकडे टेकवावा लागतो आणि त्याच वेळी मागचा पाय उचललेला असावा लागतो. म्हणजे एक क्षण तो माणूस एका पायावर असतो. कोपऱ्याला जे मिळतं ते त्या क्षणात. टेकलेल्या पायाचा घोटा दोन्ही हातांनी धरायचा, छाती मातीला लावायची आणि डोळे मिटायचे. डोळे मिटायचे हे कुठल्या पुस्तकात नाही, पण दुसऱ्या पायाची लाथ तोंडावर येणार हे ठरलेलंच असतं. पुढचं काम कव्हरचं, म्हणजे कोपऱ्याच्या आतल्या बाजूला उभ्या साथीदाराचं. तो धडक देऊन चढाईपटूला आडवा करेपर्यंत घोटा सोडायचा नाही. एकट्या कोपऱ्याने पकड होत नाही. झाली तर लोक टाळ्या वाजवतात आणि नाना शिव्या घालतात, कारण तेव्हा कव्हर झोपलेला असतो.

घोटा लवकर धरला तर चढाईपटू पाय ओढून घेतो, उशिरा धरला तर तो मध्यरेषेकडे उडी मारतो आणि आपल्यालाही सोबत बाद करून नेतो. ही वेळ कशी साधायची ते सांगता येत नाही. चांगला चढाईपटू खांद्याने खोटं बोलतो, नजरेने खोटं बोलतो, हाताने तर बोलतोच. टाचेने खोटं बोलणारे मात्र मी फार थोडे पाहिले. पाय टाकायच्या आधी माणूस टाच किंचित उचलतो आणि वजन दुसऱ्या पायावर घेतो. मी अर्धं आयुष्य माणसांच्या टाचा पाहण्यात घालवलं. अजूनही पनवेल स्टँडवर एसटीची वाट पाहताना कोण आधी पळणार हे मला कळतं. बायकोला हे दाखवलं, तिला काही विशेष वाटलं नाही.

जिल्हा संघात आलो आणि एका मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं. नाव सांगत नाही, त्यांचं मीठ अजून खातो. त्या काळात मुंबईच्या मैदानांवर कंपन्यांचेच संघ दिसायचे : महिंद्रा, एअर इंडिया, देना बँक, भारत पेट्रोलियम, आरसीएफ, पोर्ट ट्रस्ट, बेस्ट, दोन्ही रेल्वे, पोलीस. स्पर्धेत स्थानिक गट वेगळा आणि व्यावसायिक गट वेगळा. आमच्या गटाचं नाव व्यावसायिक असलं तरी कबड्डीचा पैसा असा कुणाला मिळत नव्हता. पगार होता तो कारकुनाचा, हेल्परचा, शिपायाचा, गँगमनचा. स्पर्धेत उत्तम पकडीचं बक्षीस म्हणून सायकल, मिक्सर, कधी फ्रीज. आमच्या घरातला पहिला फ्रीज माझ्या घोटापकडीने आला आणि आई येणाऱ्या-जाणाऱ्याला तो उघडून दाखवायची.

त्या दिवसांतलं एक कौशल्य मात्र कुणी कौतुकाने सांगत नाही, ते म्हणजे उपाशी राहण्याचं. पुरुषांना ८० किलोची मर्यादा होती आणि मी हाडापेराने त्याच्या वरचा. मोठ्या स्पर्धेच्या आधी आठवडाभर भात बंद. आगरी माणसाचा भात बंद म्हणजे काय ते ज्याच्या ताटात बोंबलाचं कालवण नुसतंच आलं आहे त्यालाच कळेल. वजनाच्या आदल्या रात्री दोन स्वेटर घालून, वरून प्लास्टिकचा रेनकोट चढवून पळायचं. घाम निघतो, वजन उतरतं, आणि काट्यावरून उतरल्याबरोबर माणूस केळ्यांवर तुटून पडतो. अशी शरीराची ओढाताण वर्षानुवर्षं केली. पुढे खेळ थांबला, भूक मात्र थांबली नाही. माझ्या वेळच्या खेळाडूंपैकी ज्यांना आज साखर आहे त्यांची यादी केली तर एक बरा संघ उभा राहील, राखीव खेळाडूंसकट.

गुडघ्याचं थोडक्यात सांगतो, कारण ही गोष्ट सगळ्यांची सारखीच असते. रात्रीचा सामना, जानेवारी, मातीवर दव. पाय रुतला, अंग फिरलं, गुडघा फिरला नाही. पहिले काही महिने हाडवैद्याचा लेप, मग एमआरआय, मग लिगामेंट, मग शस्त्रक्रिया. परत खेळलो, पण कोपऱ्यातून कव्हरला सरकवला गेलो, तिथून राखीव खेळाडूंच्या बाकावर. एका हंगामात संघाची यादी लागली आणि तिच्यात माझं नाव नव्हतं. निरोप समारंभ वगैरे होत नाही. व्यवस्थापक म्हणाले, "उद्यापासून खात्यात रिपोर्ट कर."

खातं म्हणजे स्टोअर. कारखान्याला लागणारा सगळा सुटा माल जिथे उतरतो, मोजला जातो, ठेवला जातो आणि मागणीप्रमाणे दिला जातो ते कोठार. मी कागदोपत्री तिथलाच जुना कर्मचारी. माझ्यानंतर लागलेली पोरं माझ्या वरच्या ग्रेडला गेलेली, कारण त्यांनी खात्याच्या परीक्षा दिल्या होत्या आणि मी त्या तारखांना कुठे ना कुठे खेळत होतो. पहिल्या दिवशी एका मुलाने विचारलं, "काका, नवीन का?" त्याची काही चूक नव्हती.

तिथे पेणकडच्या एक मॅडम होत्या, स्टोअरमध्ये केस पिकलेल्या. त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "भाऊ, इतकी वर्षं तुम्ही माणसं पकडलीत, आता नटबोल्ट पकडा. ते पळत नाहीत, पण हरवतात." त्यांनी मला बिन कार्ड भरायला शिकवलं. प्रत्येक कप्प्याला एक कार्ड असतं : किती आलं, किती गेलं, किती उरलं. कार्डावरचा आकडा आणि कप्प्यातला माल जुळला पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं. पण रात्रपाळीला फिटर येतो, घाईत चार गॅस्केट नेतो, सकाळी चिठ्ठी देतो तीनची. मग मार्चअखेरीला ऑडिटच्या वेळी ते एक गॅस्केट शोधत बसायचं.

बेअरिंगचं गणित मला फार आवडलं. ६२०५ नंबरचं बेअरिंग आलं तर शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणायचं : पाच पंचे पंचवीस, म्हणजे आतला व्यास पंचवीस मिलिमीटर. ६३१० असेल तर पन्नास. बारा एमएमच्या बोल्टला एकोणीसचा पाना. कुठल्या ड्रमला पाऊस चालत नाही, कुठल्या पिंपाशेजारी कुठलं पिंप ठेवायचं नाही, आधी आलेला माल आधी का द्यायचा. दहावीनंतर मी काही शिकलो असेन तर हे. इतकी वर्षं या सगळ्याच्या भिंतीला लागून मी सराव केला होता आणि आत काय आहे हे मला ठाऊक नव्हतं. मग संगणक आला. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं पूर्ण सरळ होत नाहीत, कुणाच्या तरी टाचेखाली गेली होती. मॅडम म्हणायच्या, "तुम्ही टाइप करताय की कीबोर्डची पकड करताय?"

खेळाचा काही उपयोग झाला का, असं लोक विचारतात. भाषणात सांगतात तसा नाही. शिस्त, जिद्द, संघभावना हे शब्द सत्काराच्या नारळाबरोबर मिळतात. मला उपयोग झाला तो शटडाउनच्या वेळी. वर्षातून एकदा प्लांट बंद करून दुरुस्ती करतात. तेव्हा रात्री दोन वाजता चार खात्यांची माणसं खिडकीवर एकदम ओरडत असतात आणि प्रत्येकाचं काम अडलेलं असतं. त्या गोंधळात मला बरं वाटायचं. कुणाची घाई खरी आणि कोण उगाच आवाज चढवतोय हे मला बघून कळत होतं. त्या एका आठवड्यात खात्याने मला आपला मानलं. परीक्षा मी नंतर दिली. पास झालो, पण वरच्या ग्रेडच्या जागा तोवर भरून गेल्या होत्या.

माझा भाचा इंग्लंडात लीड्सला संगणकाच्या नोकरीत आहे. त्याने एकदा व्हिडिओ पाठवला आणि फोन केला, "मामा, हे बघ, तुझाच खेळ आहे. फक्त हातात चेंडू दिलाय." रग्बी लीग. तेरा-तेरा माणसं. चेंडूवाल्याला आडवं करायचं, तो उठून चेंडू पायाने मागे सारतो आणि खेळ पुढे चालतो. असं सहा वेळा पकडलं गेलं की चेंडू दुसऱ्या संघाकडे. मी रात्री दोन सामने पाहिले. पकडी छान होत्या, विशेषतः एक जण पायाला आणि एक जण छातीला, अगदी आमचा कोपरा आणि कव्हर. मला जास्त धरून ठेवलं ते भाच्याने सांगितलेल्या इतिहासाने. उत्तर इंग्लंडातले खेळाडू खाणीत आणि गिरण्यांत कामाला. शनिवारी खेळायला जायचं तर पाळी बुडायची, मजुरी कापली जायची. लंडनचे साहेब म्हणत, खेळाचे पैसे घेणं कमीपणाचं. ज्यांची पाळीच बुडत नव्हती त्यांना असं म्हणायला काय जातंय? शेवटी २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या एका हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि बावीस क्लबांनी वेगळी चूल मांडली. मागणी एवढीच की बुडालेल्या पाळीची भरपाई मिळावी, दिवसाला सहा शिलिंग. पुढे १८९८ मध्ये खेळाचा मोबदला उघडपणे मान्य झाला, तरी काही वर्षं अट होती की खेळाडू कुठेतरी कामावर असलाच पाहिजे. काम सुटलं तर खेळता येणार नाही.

ही अट ऐकून मी भाच्याला परत सांगायला लावली. आमच्याकडे कंपन्यांनी याच्या उलट सोय लावली होती : मजुरी बुडायचा प्रश्नच नाही, कामावर येऊच नको. साहेबांच्या दृष्टीने ती मेहेरबानी होती आणि आम्हालाही तशीच वाटायची. पण खाणीतला तो खेळाडू सोमवारी परत खाणीत उतरत होता, तिथलं काम त्याच्या हाताला होतं. गुडघा गेला तरी तो आपल्या लोकांत होता. मी सदतिसाव्या वर्षी माझ्याच खात्यात पाहुणा होतो. कंपनीने आठवड्यातून दोन दिवस तरी मला स्टोअरमध्ये बसवायला हवं होतं, असं मला आज वाटतं. त्या वेळी कुणी तसं सुचवलं असतं तर मीच युनियनकडे धावलो असतो, हेही तितकंच खरं.

२६ जुलै २०१४ ला वरळीच्या एनएससीआयमध्ये प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला, यू मुंबा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स. आम्ही जुने खेळाडू एकाच्या घरी टीव्हीसमोर बसलो होतो. गाणी, दिवे, मॅट, बूट, तीस सेकंदांचं घड्याळ. पहिल्या दहा मिनिटांत कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाला, "चार-पाच वर्षं उशिरा जन्मलो असतो तर..." दुसरा म्हणाला, "चार-पाच नाय, पंधरा." त्या पहिल्या लिलावात सगळ्यात जास्त बोली होती राकेश कुमारवर, बारा लाख ऐंशी हजार. २०१८ मध्ये मोनू गोयत दीड कोटीच्या वर गेला आणि आपल्या मुंबईच्या रिशांक देवाडिगाला एक कोटी अकरा लाख मिळाले. हेवा वाटला का? वाटला. नाही म्हणणारा खेळाडू मला भेटलेला नाही.

पण त्याच काळात दुसरीकडे काय होत होतं ते टीव्हीवर दिसत नव्हतं. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोद्यात विलीन झाली. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली. आमच्या रसायनीतला हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना बंद करायचं केंद्राने २०१७ मध्येच ठरवलं होतं. म्हणजे परमनंट हा शब्द ज्या दारांवर लिहिलेला होता ती दारं एकेक करून बंद होत गेली. कंपन्या आता पोरांना वर्षाच्या करारावर घेतात, मानधन देतात, हंगाम संपला की नमस्कार. राज्य सरकारने २००५ मध्ये खेळाडूंसाठी नोकऱ्यांत पाच टक्के जागा ठेवल्या, त्यातून काहींचं खरोखर भलं झालं. पण जागा कमी आणि दावेदार फार, त्यात बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं निघाली, त्यामुळे खऱ्या पोराचीही फाइल पडताळणीत अडकून राहते. लीगमध्ये खेळणारी मुलं मोजकी. ज्यांना लीगने पाहिलंही नाही अशी मुलं शेकड्यांनी आहेत आणि ती सगळी नववीपासून शाळा बुडवून मैदानावर आहेत. माझी काळजी त्यांची आहे.

निवृत्तीनंतर काय करता येतं याची गोष्ट म्हणून मी या मुलांना नेहमी शैलजा जैन यांचं उदाहरण देतो. नाशिकच्या बाई. क्रीडा खात्यात आयुष्यभर प्रशिक्षक म्हणून नोकरी केली, निवृत्त झाल्या आणि मग इराणला गेल्या, तिथल्या महिला संघाला शिकवायला. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्या इराणच्या मुलींनी अंतिम सामन्यात भारताला २७–२४ असं हरवलं. आपल्या संघाच्या पराभवाने मला त्या दिवशी जेवण गेलं नाही आणि तरी मनात म्हटलं, वा, बाई! साठीच्या पुढे परक्या देशात जाऊन त्यांनी हे केलं. मात्र उदाहरण दिल्यावर एक मुलगा मला म्हणाला होता, "काका, त्यांना आधी नोकरी होती ना पण." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझ्याबरोबर खेळलेल्यांचं काय झालं? पनवेलचं जे झालं ते त्यांचं झालं. सिडकोने जमिनी घेतल्या, त्यावरून झालेल्या १९८४ च्या आंदोलनात दि. बा. पाटलांच्या मागे आमचे बाप उभे राहिले, पाच जणांनी जीव दिला, मग मोबदला म्हणून साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले. भूखंड विकले गेले, पैसा आला, हळदीच्या रात्री मोठ्या झाल्या. कुणी डंपर घेतले, कुणी जेसीबी, कुणी खडी-रेती पुरवायच्या धंद्यात. आमचा एक चढाईपटू, ज्याच्या उडीला जिल्ह्यात तोड नव्हती, त्याच्या डंपरांनी नवी मुंबईच्या विमानतळाच्या भरावाची माती वाहिली. विमानतळासाठी दहा गावं उठली : वाघिवली, कोल्ही, कोपर, चिंचपाडा, वरचं ओवळं, गणेशपुरी, तरघर, उलवे, अशी नावं घेताना मला त्या गावांची मैदानं आठवतात. कुठे माती भुसभुशीत होती, कुठे प्रेक्षक अगदी रेषेवर येऊन बसायचे, कुठे सामन्यानंतर हमखास मटणाचं जेवण असायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. तो चढाईपटू म्हणाला, "आपण जिथं लोण चढवलं तिथं आता विमान उतरतं." तो हे रडत सांगत नव्हता. त्याने भरावात चांगले पैसे कमावले आणि तो ते लपवत नाही.

मी पंच झालो. संघटनेची पंच परीक्षा असते, लेखी, तोंडी आणि मैदानावरची. आयुष्यभर नियम मोडण्याच्या कडेकडेने खेळलेल्या माणसाला ते नियम पुस्तकात वाचताना मजा येते. पंचाचं कामही पायांचंच निघालं. बोनसच्या वेळी मागचा पाय खरंच उचलला होता का, झटापट सुरू व्हायच्या आधी कुणी राखीव पट्टीत पाय टाकला का. गावच्या मैदानावर रीप्ले नसतो. तिथे हजार लोक आणि त्यातले पाचशे यजमान गावचे. निर्णय उलटा गेला की समालोचक स्पीकरवरून आजोळ काढतो, ह्या वेळी माझं. एकदा एका मोठ्या स्पर्धेत आयोजकांचा माणूस मध्यंतरात चहा घेऊन आला आणि म्हणाला, "साहेब, आपलं गाव आहे, लक्षात असू द्या." मी चहा घेतला. निर्णय जे दिसले ते दिले. मानधनाचं पाकीट त्या रात्री पातळ होतं.

१५ जुलैला, शंकरराव साळवी म्हणजे बुवांच्या जन्मदिवशी, महाराष्ट्रात कबड्डी दिन साजरा होतो. तेव्हा जुन्या खेळाडूंना शाल मिळते. माझ्याकडे बऱ्याच जमल्या आहेत. बायकोने त्यांची गोधडी करायला घेतली आहे, आणि थंडीत तिचा उपयोग होईल असं मला वाटतं.

संध्याकाळी कामावरून आलो की आता गावातल्या मुलामुलींना शिकवतो. जागा म्हणजे दोन टॉवरमधला पार्किंगचा न झालेला तुकडा, मॅट जुनी, वर्गणीतून घेतलेली. मुली मुलांपेक्षा लवकर शिकतात. त्या सांगितलं तिथे बघतात. यंदा एका मुलाच्या बापाने मला घरी येऊन विचारलं. मुलगा डावा कोपरा, अठरा वर्षांचा, टाच वाचणारा. त्याला एका संघाने वर्षाच्या करारावर मानधन देऊ केलं होतं, राहणं-खाणं त्यांचं, गाव सोडून जायचं. दुसरीकडे आयटीआयचे प्रवेश चालू होते.

मी म्हटलं, "आयटीआय करू दे. फिटर. इथे तळोज्याला, पाताळगंगेला फिटरला काम आहे. संध्याकाळी माझ्याकडे येऊ दे, दोन वर्षांनी करार मागून येईल."

बाप म्हणाला, "आणि नाय आला तर?"

"तर फिटर."

मुलगा कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता, त्याचं तोंड पडलेलं. दोन दिवस सरावाला आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो फॉर्म भरून. पण ट्रेड फिटर नव्हता घेतला, इलेक्ट्रिशियन घेतला होता. मी विचारलं, असं का? म्हणाला, "फिटरची बॅच दुसऱ्या पाळीची होती काका. सराव बुडाला असता."